पुन्हा बोट ठेवा

सकाळी नऊ एकेचाळीस.
मशीन म्हणतं, पुन्हा बोट ठेवा.
ठेवते.
पुन्हा बोट ठेवा.
मागे रांग खोळंबलेली. बाविस्कर शिपाई म्हणतो,
मॅडम, पदराला पुसा. आता जरा तोंडाची वाफ द्या.
वाफ!
रात्रभर अंगातून निघते ती कमी आहे का, बाविस्कर?

भायखळ्याच्या वॉर्ड ऑफिसात एकवीस वर्षं
मी जन्माचे दाखले काढते.
लोकांच्या तारखा माझ्या हातून चुकत नाहीत.
माझी स्वतःची
कधी बावीस दिवसांनी, कधी सत्तर,
कधी नुसतीच कंबर दुखून परत जाते.

या शहरात
पापड एका रात्रीत नरमतो,
मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात,
कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते.
समुद्र सगळ्यांच्या घरात शिरतो
आणि माझ्या पोटऱ्यांपाशी येऊन थांबतो.
तिथे खवले.
नखाने ओढली तर पांढरी रेघ उमटते,
पाटीवर उमटावी तशी.
पाठीवरून मुंग्या चालतात. दिवा लावून बघते.
मुंगी नाही.
झोपेतच हे विचारतात, काय शोधतेस?

त्वचेच्या ओपीडीत डॉक्टर शेवडे,
माझ्याहून वीस वर्षांनी तरी लहान,
तिने माझे हात उलटेपालटे करून पाहिले
पासबुक चाळावं तसे.
म्हणाली, पेरीमेनोपॉज.
मराठीत काय म्हणतात हो?
ती अडखळली. रजोनिवृत्तीपूर्व संक्रमणकाळ.
परिपत्रकात शोभेल असा शब्द, वर जावक क्रमांक टाकून.
आईकडे एवढा लांब शब्द नव्हता,
म्हणून हे झालं तेव्हा तिला काहीच झालं नव्हतं.
फक्त ती भर जेवणातून उठायची
आणि मोरीच्या कठड्याला गाल लावून बसायची.
आम्ही म्हणायचो, आई, आमटी वाढ ना.

चिठ्ठीवर लिहून दिलं :
साबण फक्त काखेत. पाणी कोमट.
अंग ओलं असतानाच क्रीम, तीन मिनिटांच्या आत.
उन्हाचं मलम रोज, आभाळ भरलेलं असलं तरी.
आणि ते बेसन-लिंबू बंद.

तीन मिनिटं!
पाणी साडेपाचला येतं नि सहाला जातं,
त्यातली तीन मिनिटं म्हणजे अर्धं पिंप.
तरी मंगळवारी मी आतून कडी लावली.
बाहेर पिंप भरून वाहू लागलं, ऐकू येत होतं.
वाहू दे.
कोपराला क्रीम लावताना लक्षात आलं,
सत्तेचाळीस वर्षांत या कोपराला
मीसुद्धा कधी हात लावला नव्हता,
टेबलावर टेकवलं तेवढंच.

आरशात केतकीच्या हनुवटीवर पुटकुळ्या,
माझ्याही.
पंधराची ती, आणि ट्यूब एकच.
आई, तुला कशाला आता?
म्हटलं, तुझ्यात जे येतंय ते माझ्यातून जातंय,
दोघांची दारात गाठ पडली आहे.
ती म्हणाली, ईऽऽ.
थोड्या वेळाने ट्यूब माझ्या बाजूला सरकवली,
टोपण न लावता.

सोमवारी आयटीचा मुलगा आला, पाठीला बॅग,
म्हणाला, मॅडम, तुमचं बोट बदललंय.
जुने ठसे डिलीट करून नवे घेऊ?
मी तर्जनीकडे पाहिलं.
नखाच्या कडेला रात्रीचं मलम अजून चमकत होतं.
याच बोटाने हजारो बाळांची नावं टाइप केली,
केतकीचंही, तेव्हा रजेवरून मुद्दाम आले होते.
म्हटलं, ते राहू दे तसंच.
अनामिका घे.

अनामिका कोण, मॅडम?
तो हजेरीच्या यादीत नाव शोधू लागला.
मी हात पुढे केला.